पाणी कुठून येणार आणि धावणार कोण

पाण्याच्या गळतीची सूचना देणारी यंत्रणा घ्यायची ठरली की बैठकीत पहिला प्रश्न निघतो कंपनीचा आणि दुसरा किमतीचा. केबल कोणाची, किती मीटर, दर काय. डेटा सेंटरच्या कामात राहून माझं मत नेमकं उलट होत गेलं आहे. केबल कोणाची हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. त्याआधी दोन गोष्टी कागदावर यायला हव्यात. या खोलीत पाणी कुठून येऊ शकतं आणि आलं तर कोणत्या वाटेनं जाईल, ही एक. सूचना वाजल्यावर कोण, किती मिनिटांत, कोणता व्हॉल्व्ह बंद करायला पोहोचेल, ही दुसरी. ही दोन उत्तरं हाताशी नसतील तर महागातली महाग यंत्रणा भिंतीवर नुसती लटकून राहते. ती असतील तर बऱ्याचदा साधं उपकरणही काम भागवतं. हे मी मुद्दाम देवगाव रंगारीसारख्या गावाच्या आधारानं मांडतो आहे. मोठ्या हॉलमध्ये पैशाच्या जोरावर झाकून जाणाऱ्या चुका इथल्या दहा-बाय-दहाच्या खोलीत लगेच उघड्या पडतात.

देवगाव रंगारी हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातलं मोठं गाव. डेटा सेंटर इथे नाही. ती ऐरोलीला, महाप्याला, चांदिवलीला. पण त्या हॉलचं दुसरं टोक अशाच गावांत असतं. बँकेच्या शाखेत काउंटरच्या मागे एक लहान खोली काढलेली असते. तिच्यात एक रॅक, रॅकमध्ये राउटर आणि स्विच, जमिनीवर यूपीएस, त्याला लागून बॅटऱ्या आणि वर भिंतीला दीड टनाचा एसी. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत थोड्याफार फरकानं हीच मांडणी. २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेचं २०१५ मध्ये भारतनेट झालं आणि फायबर ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत नेण्याचं काम त्या नावानं पुढे चाललं. कोअर बँकिंग आल्यापासून खात्याची मूळ नोंद दूरच्या शहरात राहते, शाखेत उरते ती तिथवर पोहोचण्याची वाट. ही खोली भिजली म्हणून कोणाचे पैसे बुडत नाहीत. पण पीककर्जासाठी सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘लिंक नाही’ एवढंच ऐकून घरी परतावं लागतं आणि त्याचा एक दिवस जातो. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, उन्हाळ्यात टँकर लागतात, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा भागात पाण्याच्या गळतीवर खर्च कशाला? मला वाटतं, टंचाई आहे म्हणूनच इथल्या इमारतीत पाण्याचा धोका जास्त आहे. नळाला चोवीस तास पाणी असेल तर साठवण फारशी लागत नाही. नळ चार-आठ दिवसांआड येत असेल तर प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर काळ्या टाक्या, खाली हौद आणि मधे मोटर हे आलंच. जायकवाडीचा नाथसागर उशाशी असूनही खुद्द संभाजीनगर शहरानं वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड पाणी घेतलं आहे. नळ कधी येणार याचा नेम नसतो म्हणून तोट्या उघड्या राहतात. मोटरला ऑटो स्विच बसवलेला असतो, कारण लाइट रात्री दोनला आली तर उठायचं कोणी? शेतातल्या विहिरीवर ही सवय इतकी मुरली आहे की गावातल्या इमारतीतही ती आपसूक येते. मग लाइट येते, मोटर चालू होते, टाकीतला बॉलकॉक अडकलेला असतो, टाकी भरून वाहू लागते. गच्चीचं पाणी जायचं तोंड पाचोळ्यानं बुजलेलं असतं. साचलेलं पाणी वाट शोधतं ती स्लॅबला पाडलेल्या भोकाची. हे भोक बहुतेक वेळा व्हीसॅटच्या छत्रीची किंवा इंटरनेटची केबल खाली आणण्यासाठी पाडलेलं असतं आणि ती केबल थेट रॅकवर उतरते. म्हणजे गच्चीवरच्या पाण्याला रॅकपर्यंतचा रस्ता आपणच आखून दिलेला असतो. आणि हे सगळं घडतं रात्री, शाखेला कुलूप असताना.

पावसाचंही तसंच. या जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे इथल्या वर्षभराच्या सरासरीहून जास्त. ती तुलना करून इथला माणूस निश्चिंत होतो. पण सरासरी वर्षाची असते आणि स्लॅब गळतो तो एका रात्रीत. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद झाला, घाटाखाली चाळीसगावात पूर आला. वर्षातले तीनशे दिवस कोरडी राहणारी गच्ची कोणी तपासत नाही, तिच्या भेगा कोणी भरत नाही. त्यामुळे पहिला मोठा पाऊस आला की ती एकदम उघडी पडते.

तरीही या खोलीत सगळ्यात नेमानं पाणी आणतो तो एसी. आतली कॉइल थंड असते, दमट हवा तिच्यावरून गेली की पाणी सुटतं, ते खालच्या पन्हाळीत जमतं आणि बारीक पाइपातून उतारानं बाहेर जातं. जून-जुलैत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, आणि सर्व्हर रूममधला एसी रात्रंदिवस चालतो. इतक्या पाण्याचा भार त्या करंगळीएवढ्या पाइपावर असतो. पाइपाला उतार कमी पडला, पन्हाळीत धूळ आणि बुरशीचा चिकट थर जमला, किंवा बाहेरच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं, की पाणी मागे फिरतं. ते एसीच्या पुढच्या जाळीतून ठिबकतं किंवा भिंतीला धरून स्विचबोर्डामागे उतरतं. दुर्दैव असं की थंड हवा थेट रॅकवर पडावी म्हणून एसी बसवणारे तो हमखास रॅकच्या डोक्यावरच बसवतात. इथे मी म्हणतो, सेन्सरच्या आधी एसी तीन फूट बाजूला सरकवा, पाइपाच्या तोंडाला जाळी बसवा, बॅटऱ्या आणि जमिनीवर पसरलेले एक्स्टेन्शन बोर्ड वीतभर उंच घ्या. पाणी कुठून येणार हा प्रश्न आधी विचारला की निम्मी उत्तरं खरेदीच्या यादीत नसतातच. ती गवंड्याच्या आणि प्लंबरच्या कामात असतात. पुरवठादार हे सांगणार नाही, कारण त्याच्याकडे विकायला केबल आहे. तो त्याच्या जागी बरोबर आहे; विचारायची जबाबदारी घेणाऱ्याची.

आता उपकरण. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक ठिपक्याचा: दोन-चार धातूच्या टोकांची लहान डबी, जमिनीपासून केसभर वर. पाण्यानं टोकं जोडली गेली की वीज वाहते आणि सूचना जाते. ती जिथे ठेवली तिथलंच पाणी तिला कळतं. दुसरा केबलचा: लांबच लांब दोरीसारखी केबल, तिच्या अंगावर उघड्या संवाहक तारा. कुठेही पाणी लागलं की तिला कळतं. यातही साधी केबल ‘ओल आहे’ एवढंच सांगते. अंतर सांगणारी केबल तारांमधला रोध मोजून पाणी किती मीटरवर आहे हेही दाखवते. दोन्हींचं मूळ तत्त्व एकच, पाण्यातून वीज वाहते. आणि नेमका इथेच तपशिलाकडे डोळेझाक होते, कारण सगळं पाणी सारखी वीज वाहून नेत नाही. एसीचं पाणी जवळजवळ ऊर्ध्वपातित, क्षार नसलेलं. त्यातून वीज फार कमी वाहते. नळाचं पाणी ओतून घेतलेल्या चाचणीत झटकन वाजणारा स्वस्त सेन्सर एसीच्या पाण्यात बराच वेळ गप्प राहू शकतो. म्हणून चाचणी त्या खोलीच्याच एसीतून बादलीत जमवलेल्या पाण्यानं घ्यायला हवी. याउलट, इथल्या बोअरचं पाणी जड. ते सेन्सरला लगेच कळतं, पण वाळल्यावर तारांवर पांढरा थर ठेवतं आणि पुढे हवा दमट झाली की तो थरच खोट्या सूचना देऊ लागतो. बांधकामाची सिमेंट-धूळ आणि ड्रिलमधून पडलेला लोखंडी कीस यांचंही तसंच. एकाच इमारतीतली दोन पाणी दोन उलट्या अडचणी आणतात. माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता बदलता येते’ अशी एखादी ओळ असते. निवड करताना मी सगळ्यात आधी तीच शोधतो.

काहींचं म्हणणं असतं की रॅक जमिनीपासून वर असतो, मोठ्या सेंटरमध्ये तर फॉल्स फ्लोअर, म्हणजे खाली पोकळी सोडून उचललेली फरशी असते, मग खाली पाणी आलं तर बिघडतं कुठे? बिघडतं ते फॉल्स फ्लोअरच्या खालीच. ती पोकळी रिकामी नसते. तिथे विजेच्या केबल असतात, जोडण्या असतात, काही ठिकाणी थंड पाण्याचे पाइपही त्याच पोकळीतून जातात. वरून पाहणाऱ्याला फरशी कोरडी दिसते आणि खाली बोटभर पाणी साचलेलं असतं. आणखी एक गोष्ट नकाशावर कधीच दिसत नाही, ती म्हणजे जमिनीचा खरा उतार. केबल अंथरण्याआधी कोपऱ्यात लोटाभर पाणी ओतून ते कुठे जातं हे पाहावं. मेटल फ्रेमच्या पायांना अडून, जुन्या फरशीच्या सांध्यातून वळून ते भलत्याच जागी जमतं. डबी ठेवायची तर तिथे. केबल टाकायची तर एसीभोवती, पाइपांच्या सांध्याखाली आणि या जागेतून. खोलीला सगळीकडून सारखी प्रदक्षिणा घालणारी केबल नकाशावर शोभते, पण पाणी जिथे जातच नाही तिथलीही केबल विकत घ्यावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे धावणार कोण याला, पॅरिसइतकं बोलकं उदाहरण मला दुसरीकडे मिळालं नाही. २९ जून २०१७ ला ओव्हीएच या फ्रेंच कंपनीच्या पॅरिसमधल्या पी-१९ डेटा सेंटरमध्ये थंड करणाऱ्या द्रवाचा प्लास्टिकचा पाइप तडकला आणि द्रव एका स्टोरेज यंत्रावर गळला. ५०,००० हून अधिक संकेतस्थळं बंद पडली. तिथे गळती ओळखण्याची व्यवस्था होती. बोलून सूचना देणाऱ्या यंत्रणेत त्या काळात बदल चालले होते, त्यामुळे सूचना वेळेवर गेली नाही आणि माणूस उशिरा पोहोचला. त्याच शहराजवळ एप्रिल २०२३ मध्ये एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं पाणी गळून बॅटरीच्या खोलीत शिरलं, आग लागली आणि गूगल क्लाउडची तिथली सेवा ठप्प झाली. दोन्ही ठिकाणी पैसा, तंत्रज्ञान, मनुष्यबळ यांची वानवा नव्हती. पहिल्या घटनेत पाणी ओळखणं आणि माणसाला कळणं यांच्यामधला दुवा तुटला. दुसरीत पाण्यानं गाठलेली जागा सर्व्हरचा हॉल नव्हती, बॅटरीची खोली होती. म्हणून मी निवडीच्या कागदावर दुवा हा स्वतंत्र रकाना धरतो, आणि यूपीएस-बॅटरीची खोली सर्व्हरच्या खोलीइतकीच महत्त्वाची मानतो.

देवगाव रंगारीत हा दुवा कसा असेल? नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये सूचना इमारतीच्या नियंत्रण कक्षात जाते, तिथे तिन्ही पाळ्यांत माणूस बसलेला असतो. इथे रात्री शाखेत कोणी नाही. भोंगा वाजला तर रिकाम्या खोलीत वाजणार. सूचना इंटरनेटवरून पाठवायची म्हटली तर ती त्याच राउटरमधून जाणार, ज्याच्यावर पाणी पडतं आहे. म्हणून इथे सिमकार्डावर चालणारं, स्वतःची बॅटरी असलेलं, एसएमएसबरोबर फोनही करणारं साधं उपकरण मला अंतर सांगणाऱ्या केबलपेक्षा मोलाचं वाटतं. लाइट गेल्यावरही ते जागं राहायला हवं, कारण लाइट परत आल्यावरच मोटर चालू होणार आहे. फोन कोणाला जाणार? संभाजीनगरच्या विभागीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याला गेला तर त्यानं तिथून करायचं काय? पहिला नंबर गावातच राहणाऱ्या माणसाचा हवा, ज्याच्याकडे जिन्याची किल्ली आहे आणि ज्याला टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे दाखवलेलं आहे. दुसरा नंबर त्याच्या शेजारच्या माणसाचा, कारण पहिला लग्नाला गेलेला असू शकतो. व्हॉल्व्हला लाल रंग आणि पत्र्याची पाटी. या सगळ्याचा खर्च सेन्सरपेक्षा कमी, पण तो कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो.

मग माणूस हवाच कशाला, गळती कळताच व्हॉल्व्ह आपोआप बंद होणारा बसवा, असं कोणी सुचवतं. टाकीच्या लाइनवर आणि मोटरवर हे करावं, माझा पाठिंबा आहे. पाणी थांबल्यानं तिथे कोणाचं नुकसान नाही. मोठ्या सेंटरमधल्या थंड पाण्याच्या मुख्य लाइनवर मात्र मी हा निर्णय यंत्रावर सोडणार नाही. खोटी सूचना आली आणि लाइन बंद झाली तर काही मिनिटांत हॉल तापतो आणि गळतीनं झालं नसतं तेवढं नुकसान उष्णता करते. तिथे माणसानं पाहून बंद करायचं, म्हणून तिथे जागा अचूक सांगणारी केबल लागते. दोनशे मीटर पाइपांमध्ये फरशीच्या लाद्या एकेक करून उचलत शोधायला वेळ नसतो. महागड्या केबलची खरी गरज इथे आहे, आणि इथे मी तिच्यावर पैसे वाचवू नका असंच सांगेन. एआयसाठी येणाऱ्या नव्या सर्व्हरनी ती आणखी वाढवली आहे. एन्व्हिडियाच्या जीबी-२०० एनव्हीएल-७२ सारखा एक रॅक १२० किलोवॉटच्या आसपास वीज खातो. इतकी उष्णता नुसत्या हवेनं निघत नाही, द्रव थेट चिपपर्यंत न्यावा लागतो. इतकी वर्षं आपण पाण्याला रॅकपासून दूर ठेवत आलो, आता ते रॅकच्या आतूनच खेळणार. सेन्सरलाही जमिनीवरून उठून रॅकच्या आत, प्रत्येक जोडाखालच्या ट्रेमध्ये यावं लागेल.

खोट्या सूचनांचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो अनुभवातून येतो. यंत्रणा चार वेळा उगाच वाजली की पाचव्या वेळी तिची वायर काढलेली सापडते. पण खोटी सूचना बहुतेक वेळा यंत्राच्या दोषातून येत नाही, अस्वच्छतेतून आणि चुकीच्या जागेतून येते. झाडू-पोछ्याच्या वाटेत डबी ठेवली तर ती रोज सकाळी वाजणारच. केबल तुटली किंवा कोणी काढली तर त्याचीही वेगळी सूचना देणारी यंत्रणाच घ्यावी. ही सोय नसलेलं उपकरण बंद आहे की सगळं कोरडं आहे, यातला फरकच कळू देत नाही. आयएसओ २७००१ च्या २०२२ च्या आवृत्तीत पर्यावरणीय धोक्यांपासून संरक्षणाचं कलम आहे आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी यंत्रणा बसते. परीक्षकानं डबी दिसते का हे पाहण्याऐवजी शेवटची ओली चाचणी कधी झाली हे विचारलं, तर निम्म्या खोट्या सूचनांचा प्रश्न तिथेच सुटेल.

खर्चाचं बोलायचं तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी गच्ची, स्लॅबचं भोक, एसीची जागा आणि ड्रेन. मग उंचावलेल्या बॅटऱ्या. मग टाकीला चालणारा बॉलकॉक आणि मोटर वेळेवर थांबवणारा फ्लोट स्विच. त्यानंतर दोन डब्या, एक एसीखाली, एक पाणी जमणाऱ्या जागी, आणि फोन करणारं उपकरण. अंतर सांगणाऱ्या केबलचा विचार खोलीचा हॉल झाला की करावा. आणि शाखेसाठी असो की सेंटरसाठी, खरेदीच्या आदेशात एक अट जरूर घालावी: जूनच्या पहिल्या आठवड्यात, रात्रीच्या वेळी, त्याच एसीचं पाणी सेन्सरवर ओतून चाचणी व्हावी, फोन लागल्यापासून व्हॉल्व्ह बंद होईपर्यंतची मिनिटं वहीत लिहावीत, त्याखाली धावलेल्या माणसाची सही घ्यावी आणि पुरवठादाराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच सोडावा.